डावी नडगी

वाटेत मुंग्यांची रांग दिसली तर जिनदत्त मगदूम वळसा घालून जात, आणि त्याच माणसाकडून राज्यातले हजारो तरुण लाथ कशी मारावी हे शिकत होते. ही विसंगती त्यांच्या आईने बोलून दाखवली होती आणि शेजाऱ्यांनी हसून. जिनदत्तांचे उत्तर तयार असे : आपण लाथ मारत नाही, मोजतो.

मोजणे हा त्यांचा व्यवसायच होता. मिरजेच्या औद्योगिक वसाहतीतील एका अंशशोधन प्रयोगशाळेचे ते प्रमुख होते. कारखान्यांतले वजनकाटे, दाबमापके आणि तापमापके तेथे येत आणि ती खरे बोलतात की खोटे, याचा निकाल घेऊन परत जात. पद्धत साधी होती. ज्याच्याबद्दल शंका आहे ते उपकरण, ज्याच्याबद्दल शंका नाही अशा प्रमाणकाशेजारी ठेवायचे आणि दोघांना एकच प्रश्न विचारायचा. उत्तरांत फरक पडला, तर चूक उपकरणाची. प्रमाणकाची नव्हे.

‘अष्टकोन’ या व्हिडिओ गेमकडे ते वळले तेही संशयापोटीच. ठोसे, लाथा आणि कुस्ती एकत्र असलेल्या मिक्स्ड मार्शल आर्ट्सच्या लढतींचा हा खेळ. पण त्यातले लढवय्ये कल्पित नव्हते. खरे खेळाडू सरावाच्या वेळी पोटरी, मांडी आणि कमरेवर संवेदकांचे पट्टे बांधत. पट्टे स्नायूंतली विद्युत्स्पंदने आणि अवयवांच्या हालचाली टिपत, आणि त्या माहितीवरून एक गणिती प्रारूप त्या खेळाडूचे प्रतिरूप घडवी. आठवड्याला नव्या सरावाची भर पडून प्रतिरूप ताजे होई. खेळाडूला मानधन मिळे, कंपनीला गिऱ्हाईक. कंपनीचा दावा असा की, हे प्रतिरूप म्हणजे खेळाडूची नक्कल नाही. तो खेळाडूच आहे. या दाव्याने जिनदत्तांची झोप उडाली नाही, पण भूक मात्र चाळवली. पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्यांनी गेमपॅड विकत घेतला, अंगठे दुखेपर्यंत सराव केला आणि दाव्याची चिरफाड करणारे व्हिडिओ प्रसिद्ध करायला सुरुवात केली. लोक चिरफाडीसाठी येत नाहीत, लाथा शिकायला येतात, हे त्यांना लवकरच कळले. त्यांना त्याचे फारसे वाईटही वाटले नाही.

आता दाव्याची कसोटी घ्यायची तर प्रमाणक हवे. म्हणजे असा एक खेळाडू, ज्याचे प्रतिरूप पडद्यावर आहे आणि ज्याचे शरीर आपल्याला खात्रीने ठाऊक आहे. तो त्यांच्या घरातच राहत होता. त्यांच्या बहिणीची मुलगी पद्मजा आवटी सांगलीच्या एका आखाड्यात सरावासाठी जयसिंगपूरहून मामाकडे आली होती. तिच्या वडिलांनी परवानगी दिली ती एका अटीवर : पहिली मोठी दुखापत झाली की गाशा गुंडाळून घरी. तशी दुखापत झाल्यास कळवण्याची जबाबदारी जिनदत्तांनी पत्करली होती.

“मामा, दिवा माझ्या डोळ्यांवर कशाला?” चित्रीकरणाच्या दिवशी पद्मजा म्हणाली. “पडद्यावरच्या पद्मजेवर पाड की. तुझी लाडकी तीच.”

“तू प्रमाणक आहेस. प्रमाणक नीट दिसायला हवं.”

“म्हणजे काट्याच्या पारड्यातलं वजन?”

“तसंच काहीसं.”

“स्पर्धेच्या तोंडावर पोरीचं वजन काढू नये, एवढंही कळत नाही तुला.”

जिनदत्तांनी कॅमेरा सुरू केला आणि त्यांचा आवाज बदलला. तो नेहमीच बदलत असे. थोडा संथ, थोडा खालच्या पट्टीतला होई.

“नवशिका खेळाडू थेट डोक्यावर लाथ घालतो,” ते सांगू लागले. “लाथ मारणारा त्या क्षणी एका पायावर उभा असतो, हे तो विसरतो. हुकलेली लाथ लागलेल्या लाथेपेक्षा जास्त दम खाते. छातीच्या उंचीवरची लाथ समोरचा हाताने पकडतो आणि तुम्हाला आडवं करतो. म्हणून सुरुवात खालून. समोरच्याचा जो पाय पुढे आहे, त्याच्या पोटरीवर बाहेरून एक हलकी लाथ. ही लाथ इजा करायला नाही. ती प्रश्न विचारते. पाय उचलून नडगीवर झेलणार, मागे घेणार, की सोसणार? मग तोच प्रश्न पुन्हा. दुसऱ्या खेपेला समोरच्याचं सगळं लक्ष खाली जातं आणि हात चेहऱ्यावरून ढळतात. आता कंबरेचा झोक तोच ठेवा, आणि पाय मात्र वर. दोन प्रश्न, एक उत्तर.”

पडद्यावर त्यांनी तसे करून दाखवले. पद्मजेच्या प्रतिरूपाने पोटरीवरची पहिली लाथ सोसली, दुसरी सोसली आणि तिसरीने ते कोसळले. खरी पद्मजा टाळ्या वाजवून म्हणाली, “मेले मी. जेवायला वाढा.”

पण जिनदत्त थबकले होते. पुढचा डावा पाय उचलून नडगीवर लाथ झेलणे ही पद्मजेची हातखंडा गोष्ट. प्रतिरूप पाय उचलतच नव्हते. त्यांनी खेळातल्या सोयीने प्रतिरूपाचा पवित्रा बदलून उजवा पाय पुढे आणला. उजवा चटकन उचलला गेला. पुन्हा डावा, पुन्हा तीच दिरंगाई. डोळ्याला जेमतेम जाणवेल इतकी, पण दर वेळी.

अशा दिरंगाईला शास्त्रात अर्थ असतो, हे त्यांना माहीत होते. दुखऱ्या अवयवावर भार द्यायची वेळ आली की मेंदू निमिषभर आखडतो. माणसाला स्वतःला ते कळत नाही. चेहऱ्यावरची वेदना लपवता येते, स्नायूंतली ही आखडती चाल लपवता येत नाही. प्रारूपाला वेदना म्हणजे काय हे कोणी शिकवलेले नव्हते. त्याने केवळ पट्ट्यांतून आलेली दिरंगाई उचलली असण्याची शक्यता होती. तशीच प्रारूप चुकले असण्याचीही होती. दोहोंतले काय खरे, हे ठरवायला प्रमाणक दिव्याच्या उजेडात समोर बसले होते.

“पद्मा, डावा पाय ठीक आहे ना?”

पद्मजेने एकदा कॅमेऱ्याकडे पाहिले. “ठीक आहे की.”

“नडगी वगैरे?”

“ठीक आहे म्हटलं ना. उडी मारून दाखवू?”

तिने उडी मारली आणि दोन्ही हात पसरून अभिवादन केले. उतरताना ती उजव्या पायावर उतरली. हे जिनदत्तांनी पाहिले नाही, असे म्हणणे अचूक होणार नाही. त्यांनी पाहिले, नोंदवले नाही.

“पाहिलंत?” ते कॅमेऱ्याला म्हणाले. “पाय ठणठणीत आहे, ही माझी हमी. चूक यंत्राची आहे. कंपनी म्हणते प्रतिरूप म्हणजे खेळाडूच. मग या निरोगी मुलीला त्यांनी लंगडी कशी केली?”

त्यांचा कोणताही व्हिडिओ इतका पाहिला गेला नव्हता. राज्यभरातली पोरे पद्मजेच्या प्रतिरूपाला शोधून शोधून दोन प्रश्न विचारू लागली. कंपनीने खुलासा केला की आमच्या प्रारूपात दोष आढळलेला नाही. खुलाशातला नेमका हाच भाग जिनदत्तांनी पुढच्या व्हिडिओत वाचून दाखवला आणि वर किंचित हसले.

त्यानंतरच्या आठवड्यांत घरात काही किरकोळ गोष्टी घडल्या. पद्मजा जिना उतरताना प्रत्येक पायरीवर आधी डावा पाय टेकवी, मग उजवा त्याच पायरीवर आणी. मंदिरात प्रवचनाला बसली की डावा पाय लांब करून बसे. फ्रीजमधला बर्फ दुपारपर्यंत संपलेला असे. जिनदत्तांनी प्रत्येक गोष्टीचे स्पष्टीकरण केले : सरावाचा थकवा, प्रवचनाची लांबी, उन्हाळा. तिन्ही स्पष्टीकरणे स्वतंत्रपणे शक्य होती. प्रयोगशाळेत एखाद्या साहाय्यकाने एकाच दिशेच्या तीन चुकांना तीन वेगवेगळी कारणे लावली असती, तर त्यांनी त्याला घरी पाठवले असते.

राज्य निवड स्पर्धेची जोडी जाहीर झाली. पद्मजेसमोर जळगावची किमया भोळे. जिंकणारी राष्ट्रीय शिबिरात जाणार होती. भाचीला मदत म्हणून एका रविवारी सकाळी जिनदत्त किमयेच्या प्रतिरूपाशी खेळायला बसले. त्यांना ते चांगले परिचित होते : ठोशांची मुलगी, जवळ येऊन बिलगणारी, लाथा क्वचित आणि त्याही नाइलाजाने.

घंटा झाली. किमयेच्या प्रतिरूपाने अंतर राखले आणि उजव्या पायाने त्यांच्या डाव्या पोटरीवर बाहेरून एक हलकी लाथ मारली. मग थोडे थांबून तीच, त्याच जागी. जिनदत्तांचे अंगठे खाली सरकले. तिसरी लाथ कंबरेच्या त्याच झोकाने आली आणि कानशिलावर बसली.

आपलाच धडा आपल्या अंगावर आला, याची त्यांना प्रथम गंमत वाटली. ती क्षणभरच टिकली. प्रतिरूप बदलते ते खऱ्या खेळाडूच्या सरावाने. दुसऱ्या कशानेही नाही. म्हणजे जळगावच्या कुठल्याशा हॉलमध्ये खरी किमया या तीन लाथा घोटत होती. स्पर्धा तोंडावर आली असताना कोणताही प्रशिक्षक एका ठणठणीत पायासाठी आपल्या खेळाडूची सगळी ढब बदलणार नाही. कोणीतरी जिनदत्तांचा व्हिडिओ पाहिला होता, त्यातल्या जिनदत्तांवर अविश्वास दाखवला होता आणि यंत्रावर विश्वास ठेवला होता.

आणि ते स्वतः आत्ता काय करत होते? किमयेच्या प्रतिरूपावरून खऱ्या किमयेबद्दल अनुमान काढत होते, तेही बिनदिक्कत. एकाच उपकरणाचे एक माप खरे मानायचे आणि दुसरे खोटे, असे करायला काही आधार लागतो. त्यांच्याकडे आधार होता तो एका शब्दाचा : “ठीक आहे की.” कॅमेऱ्यासमोर उच्चारलेला. प्रमाणकाची तपासणी त्यांनी कधी केलीच नव्हती.

पद्मजा स्वयंपाकघरात उकडलेले मूग तोलून वाटीत घेत होती. जिनदत्त दारात उभे राहिले.

“किमयाला तुझा डावा पाय माहीत आहे,” ते म्हणाले.

पद्मजेने वाटी खाली ठेवली. नाही म्हणाली नाही.

“कधीपासून दुखतोय?”

“थंडी सरताना सुरू झालं. आधी पळताना. आता टेकला तरी.”

“म्हणजे व्हिडिओच्या आधीपासून. मी तुला विचारलं होतं, पद्मा.”

“विचारलंस तेव्हा कॅमेरा चालू होता, मामा.” तिचा आवाज चढला नाही. “तू मला विचारत नव्हतास. त्यांना दाखवत होतास.”

“नंतर सांगायचंस.”

“नंतर कसं सांगू? हमी देऊन बसला होतास तू. कंपनीला वेड्यात काढलं होतंस. मी लंगडत पुढं आले असते तर लोकांनी तुला सोडलं असतं होय? आणि बाबा दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन दारात.”

आपल्या अब्रूची काळजी बावीस वर्षांची मुलगी दुखऱ्या नडगीवर उभी राहून वाहत होती, ही कल्पना जिनदत्तांना पचवता येईना.

“स्पर्धेच्या डॉक्टरांना सांगतो,” ते म्हणाले.

“नको. एक लढत, मामा. जिंकले तर शिबिरात उपचार करतील. सांगितलंस तर सगळंच गेलं.” मग ती हसण्याचा प्रयत्न करत म्हणाली, “तुझं पण जाईल की. आजवर कोणाचीच चूक सोडली नाहीस तू.”

त्यांनी बराच वेळ विचार केल्यासारखे केले आणि होकार दिला. भाचीच्या इच्छेचा मान राखला, असे त्या निर्णयाचे वर्णन करता आले असते. त्यांनी स्वतःशी ते करूनही पाहिले. पण होकार देताना छातीवरचे दडपण उतरले, ते कशामुळे, हे त्यांना ठाऊक होते. चूक जाहीर करण्याची वेळ लढतीपर्यंत पुढे ढकलली गेली होती, आणि ती जिंकलीच तर कदाचित कायमची.

कोल्हापूरच्या क्रीडासंकुलात ते पद्मजेच्या कोपऱ्यामागे दुसऱ्या रांगेत बसले. पहिल्या फेरीत पद्मजा सुंदर लढली. ठोशांच्या अंतरात घुसायची, बिलगायची, किमयेला लाथेपुरती जागाच द्यायची नाही. जिनदत्तांनी दोनदा श्वास मोकळा सोडला. दुसऱ्या फेरीत तिचा दम कमी झाला आणि दोघींमध्ये पावलाभराचे अंतर पडले.

समोरच्या कोपऱ्यातून एक खणखणीत आवाज आला.

“प्रश्न!”

किमयेची लाथ डाव्या पोटरीवर बसली. जिनदत्त ताठ झाले. तो त्यांचाच शब्द होता. त्यांनी तो कॅमेऱ्यासाठी निवडला होता. जिभेवर घोळवून, ऐकायला बरा वाटतो म्हणून.

“अजून एक! प्रश्न!”

आवाज किमयेचे प्रशिक्षक नेहेते यांचा होता. या वेळी पद्मजेने पाय उचलला. महिनाभर जे तिच्या प्रतिरूपाला जमले नव्हते ते तिने निव्वळ हट्टाने केले, आणि लाथ नडगीवर झेलली. आवाज लहानच झाला, पेन्सिल मोडल्यासारखा. तिने पाय जमिनीवर ठेवायचा प्रयत्न केला, पण तो टेकेना. हात चेहऱ्यावरून खाली आले.

“उत्तर!” नेहेते ओरडले. “किमया, उत्तर!”

किमयेची कंबर वळली होती. टाच उचललेली होती. पद्मजेचे डोके उघडे होते, आणि हे त्या सभागृहात किमयेइतके जवळून कोणालाच दिसत नव्हते. तिने पाय परत खाली ठेवला, एक पाऊल मागे घेतले आणि पंचांकडे पाहून हात वर केला. पंचांनी लढत थांबवली.

पद्मजेला स्ट्रेचरवरून नेत असताना जिनदत्त तिच्यामागे निघाले. वाटेत नेहेत्यांनी त्यांना गाठले. साधा, घामेजलेला, आनंदी माणूस. त्याने वाकून त्यांच्या पायांना हात लावला.

“सर, तुम्हीच ना? आमच्या हॉलमध्ये पोरं रोज बघतात तुम्हाला. पाय उचलत नाही हे तुम्ही दाखवलं, म्हणून सापडलं. ते यंत्राच्या चुकीचं मात्र मला पटलं नव्हतं, हां. रागावू नका.”

जिनदत्तांना पाय मागे घेता आले नाहीत. नेहेत्यांच्या मागे किमया उभी होती. हातावरच्या पट्ट्या अजून सोडल्या नव्हत्या.

“काका,” ती म्हणाली, “ती तुमच्याच घरी राहते ना?”

“हो.”

ती मान खाली घालून पट्टी सोडू लागली.

मिरजेच्या इस्पितळात डॉक्टरांनी क्ष-किरण चित्र उजेडासमोर धरले. नडगीच्या हाडात फार दिवसांपासून केसासारखी चीर असावी. वेळीच विश्रांती मिळाली असती तर भरून आली असती. आता सळई घालावी लागली. पद्मजेचे वडील आले, लेकीच्या उशाशी बसले आणि मेहुण्याकडे न बघता म्हणाले, “तुम्ही मोजणारी माणसं, म्हणून तुमच्याकडं ठेवली होती.”

घरी जाऊन त्यांनी व्हिडिओ काढून टाकला. त्याचा उपयोग नव्हता. धडा लोकांच्या अंगठ्यांत उतरला होता. मग ‘अष्टकोन’ उघडला. पद्मजेने पट्टे बांधायचे थांबवले होते, त्यामुळे तिचे प्रतिरूप शेवटच्या सरावाच्या दिवशी होते तसेच राहिले होते. डावा पाय पुढे. किंचित दिरंगाई. इतके दिवस ते हेच सांगत होते, विचारील त्याला, कितीही वेळा विचारले तरी, न थकता. घंटा झाली. जिनदत्तांनी अंगठे बटणांवरून उचलले. प्रतिरूप पुढे आले, ठोसे मारू लागले. न लढल्याबद्दल पडद्यावरच्या पंचांनी ताकीद दिली, मग गुण कापले. तीन फेऱ्या ते तसेच बसून राहिले आणि हरले. याने प्रायश्चित्त होते असे मानण्याइतके ते भाबडे नव्हते. फक्त लाथ मारवेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते इस्पितळात गेले. पद्मजा खिडकीकडे तोंड करून पडली होती. पाय उशांवर होता.

“मला दुरुस्ती प्रसिद्ध करायची आहे,” ते म्हणाले. “यंत्र बरोबर होतं, मी चुकलो, मला कळलं तरी गप्प बसलो, हे सगळं. पण पाय तुझा आहे. तू नको म्हणालीस तर त्यात तुझं नाव घेणार नाही.”

“नाव सगळ्यांना माहीत आहे, मामा. घे.” ती अजून खिडकीकडेच पाहत होती. “आत्ता सांगू? काढतोस व्हिडिओ?”

जिनदत्तांनी खिशातला फोन काढला. तिच्या नजरेसमोर तो बंद केला, बाहेर जाऊन परिचारिकेच्या टेबलावर ठेवून आले, दार लोटून घेतले आणि खुर्ची पलंगाजवळ ओढली. बोलू लागले तेव्हा त्यांचा आवाज बदलला नाही.

“पद्मा, पाय दुखतो का?”

ती वळली. त्यांच्या रिकाम्या हातांकडे तिने नीट पाहून घेतले.

“खूप दुखतो, मामा,” ती म्हणाली, आणि लहान मुलीसारखी रडू लागली.